नवा साप की नवं नाव? ‘खैरेई’चा पेपर वाचताना

मागच्या आठवड्यात एमएस्सीच्या एका ज्युनिअरनं विचारलं, ‘दादा, नवी जात सापडली तरच पेपर होतो का?’ तिच्या गाईडनं म्हणे तसं सुचवलंय. शाहूपुरीतल्या माझ्या खोलीवर चहा होईपर्यंत तिला उत्तर देता आलं नाही. तेव्हा मी लॅपटॉपवर जुना पेपर उघडून तिच्यापुढे ठेवला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतोय.

२०१६ साली झूटॅक्सामध्ये डेव्हिड गॉवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन या चौघांनी बिळात राहणाऱ्या एका काळ्या सापाचं वर्णन केलं, मेलॅनोफिडियम खैरेई. नाव पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांच्यावरून. हा साप युरोपेल्टिडी कुळातला, म्हणजे आपल्या खापरखवल्याच्या भाऊबंदांपैकी. हे अख्खं कुळ भारताचं द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात कुठेच नाही. बिनविषारी, गांडुळांवर जगणारे, थेट पिल्लं देणारे साप. पावसात जमीन तुडुंब झाली की वर येतात आणि रस्त्यावर गाडीखाली जातात. गंमत म्हणजे खापरखवल्याच्या शेपटीवर जी खरखरीत ढाल असते, ती मेलॅनोफिडियमला नसतेच. हनुवटीखाली मात्र एक खाच असते, जी कुळातल्या बाकीच्यांना नसते.

आता पेपरचं शीर्षक वाचा. त्यात आधी ‘पुनर्मूल्यांकन’ येतं, ‘नव्या जातीचं वर्णन’ त्यानंतर. हा क्रम उगाच नाही. हा साप कुणाला माहीतच नव्हता, असं नाही. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातले त्याचे नमुने आधीपासून होते, फक्त त्यांना मेलॅनोफिडियम पंक्टॅटम म्हटलं जात होतं. हे नाव बेडोमनं १८७१ मध्ये दक्षिणेकडच्या सापाला दिलेलं. म्हणजे शोध जंगलातल्या दगडाखाली लागला नाही, बरण्या शेजारी शेजारी ठेवून खवले मोजताना लागला. बातमीत ‘नवीन साप सापडला’ असं छापून येतं तेव्हा नेमका हा भाग गळतो. मग विद्यार्थी टॉर्च घेऊन घाटात जातात आणि म्युझियमच्या कपाटाकडे कुणी फिरकत नाही.

फरक काय दाखवलेत? मुख्य दोन सांगतो. वरच्या ओठाचा चौथा खवला आणि डोक्यावरचा पॅरायटल यांच्यातलं अंतर खैरेईत जास्त आहे. गुदद्वारावरचे जोडखवले त्याच्यात तुलनेनं लहान आहेत. शिवाय हा पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेला मिळतो, पंक्टॅटम दक्षिणेला. टाइप नमुने तीन, आणि त्यांच्यापासून वेगळे काढलेले ‘रेफर्ड’ नमुने आणखी काही. हा भेद नीट समजून घ्या. नाव टांगलेलं असतं ते होलोटाइपवर. उद्या रेफर्ड नमुन्यांपैकी एखादा तिसऱ्याच जातीचा निघाला, तरी खैरेई या नावाला धक्का लागत नाही.

इथे माझी पहिली कुरकुर. ‘जास्त अंतर’, ‘तुलनेनं लहान’ ही लक्षणं सापेक्ष आहेत. दोन्ही साप समोर असले तर ठीक, पण आजऱ्याच्या रस्त्यावर तुमच्या हातात एकच असतो, तोही चिरडलेला. लेखकांनी ओळखीसाठी नवी किल्ली दिली आहे, ती उपयोगी आहेच. तरी हा पेपर हातात घेऊन फील्डवर खात्रीनं नाव सांगता येईल असं मला वाटत नाही. मोजमाप लागेल, आणि त्यासाठी सरळ बाजूनं काढलेला डोक्याचा फोटो तरी हवाच.

हे मी स्वतः अंगावर घेऊन शिकलोय. एमएस्सीला असताना जुलैत आंबोलीकडे जाताना असाच एक काळा, चकचकीत साप मेलेला मिळाला. परत येऊन माल्कम स्मिथच्या १९४३ च्या पुस्तकातली किल्ली काढली, एक एक पायरी उतरलो आणि वहीत लिहिलं : पंक्टॅटम. खैरेईचा पेपर तेव्हा येऊन गेला होता, मीच वाचला नव्हता. आणि किल्ली कधी गप्प बसत नाही बरं का! जी जात तिच्यात नाहीच, तिलासुद्धा ती दुसऱ्या कुणाचं तरी नाव देऊन मोकळी होते. पुढे चूक कळली तेव्हा फोटो काढून बघितले. सगळे वरून काढलेले. चौथा खवला एकाही फोटोत दिसत नाही. ती नोंद आज ना पंक्टॅटमची आहे ना खैरेईची. माझ्या चेकलिस्टमधून मला ती काढावी लागली.

दुसरा मुद्दा भूगोलाचा. जमिनीखाली आयुष्य काढणाऱ्या सापाची एखाद्या भागात नोंद नसणं म्हणजे तिथे तो नसणं, असं होत नाही. म्हणून खिंडीच्या अलीकडे-पलीकडे हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. पण लेखकांना हे ठाऊक आहे. त्यांनी तो खवल्यांच्या फरकानंतर, पुरवणी म्हणून दिलाय आणि ‘आतापर्यंतच्या माहितीनुसार’ अशी अट घातलीय. सिनॉप्सिस लिहिताना तुम्ही हीच अट खोडता, कारण तिनं वाक्य लेचंपेचं वाटतं. खोडू नका.

तिसरा मुद्दा मला सर्वात आवडलेला, आणि भांडायचंही त्याच्याशीच आहे. नवी जात म्हटली की लगेच ‘धोक्यात’ लिहायची आपल्याकडे जवळजवळ रीतच पडलीय. या चौघांनी तसं केलं नाही. हा साप अनेक संरक्षित क्षेत्रांत आहे, माणसाच्या वावराच्या जागीही मिळतो, म्हणून तो संकटग्रस्त मानला नाही. प्रामाणिक निर्णय. फक्त एवढंच म्हणेन की बागेत साप मिळाला यावरून तो तिथे आहे इतकंच कळतं. पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं मोजणी लागेल, आणि बिळातल्या सापांची मोजणी करायला कोण तयार होणार?

एक गोष्ट पेपरात वेगळी लिहिलेली नाही, पण वाचताना टोचते. बेडोमचे जुने नमुने लंडनच्या म्युझियममध्ये आहेत, आणि चौघांपैकी दोन लेखक त्याच म्युझियमचे. कोल्हापुरात बसून तुलना करायची तर आपण ईमेल लिहायचा, फोटो मागायचे, वाट बघायची. मी दोनदा लिहिलंय. दोन्ही वेळा उत्तर आलं, हेही सांगायला हवं.

ज्युनिअरनं पेपर वाचून संपवला आणि विचारलं, ‘मग आपल्या डिपार्टमेंटच्या बरण्यांत काय आहे?’ लेबलं पुसट झालीयत, काहींवर नुसतं ‘साप, काळा’ एवढंच आहे. सोमवारी आम्ही दोघं व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसणार आहोत.