किनार आपली, पन्हा त्यांचा

'द सिम्स ४' सप्टेंबर २०१४मध्ये आला तेव्हा त्यात पोहायचा तलाव नव्हता आणि दुडुदुडु चालणारी लहान मुलंही नव्हती. बाळ पाळण्यातून थेट शाळकरी वयात उडी मारायचं. जगभरचे खेळाडू चिडले. तलाव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले, चिमुरड्यांसाठी मात्र जानेवारी २०१७ उजाडावं लागलं. त्याच खेळात मोरी नव्हती, देव्हारा नव्हता, पाटावरची पंगत नव्हती. त्याची काही बातमी झाली नाही. आपल्या घरातलं अशा ठिकाणी सापडणार नाही, हे आपण खेळ सुरू करण्याआधीच गृहीत धरलेलं असतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यात जिंकणं-हरणं नाही, मारामारी नाही. तुम्ही माणसं बनवता, त्यांना 'सिम' म्हणतात. त्यांच्यासाठी घर बांधता, नोकरी लावता आणि भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, गप्पा, शौच या सहा गरजा सांभाळता. संसार करता, थोडक्यात. १८ ऑक्टोबर २०२२पासून मूळ खेळ फुकट आहे, त्यामुळे आमच्या राहनाळसारख्या ठिकाणी, गोदामांच्या रांगांमध्ये राहणाऱ्या पोरापोरींच्या लॅपटॉपवरही तो दिसायला लागला. फुकट खेळ उतरवला की आठवड्याभरात पुढची पायरी येते: बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या वस्तू, कपडे आणि नियम आत घालणं. वस्तू-कपड्यांना कस्टम कंटेंट म्हणजे 'सीसी' म्हणतात, वागणूक बदलणाऱ्या गोष्टींना 'मॉड'.

माझं म्हणणं असं आहे की सीसी आणि मॉड ही या खेळावरची सगळ्यात गंभीर समीक्षा आहे. खेळात काय कमी आहे हे ती लिहून दाखवत नाही, बनवून दाखवते. पण या समीक्षेला कुठपर्यंत जाऊ दिलंय, ती हद्दही आपण पाहायला हवी. ती पाहिली की 'आता गेममध्ये साडी पण आहे' एवढ्यावर खूश होणं कठीण जातं.

एक साधं फोल्डर

बसवण्याची पद्धत अगदी सोपी आहे. 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स', त्यात 'द सिम्स ४', त्यात 'मॉड्स' नावाचं फोल्डर. फाइल तिथे टाकायची, खेळाच्या सेटिंगमध्ये परवानगीची खूण करायची, खेळ बंद करून पुन्हा सुरू करायचा. फायली दोन जातीच्या. 'पॅकेज' प्रकारच्या फाइलमध्ये आकार, रंग, कपडे, शिवाय खेळाची नियमावलीही बसते. 'स्क्रिप्ट' प्रकारच्या फाइलमध्ये पायथन भाषेतला प्रोग्रॅम असतो. पॅकेज फाइल पोटफोल्डरांत बरीच खोल ठेवली तरी चालते. स्क्रिप्ट फाइल एका पातळीपेक्षा खोल गेली की खेळाला दिसतच नाही. नवीन लोकांची निम्मी डोकेदुखी इथेच असते.

उरलेली निम्मी अपडेटची. प्रत्येक अपडेटनंतर खेळ सगळे मॉड आपोआप बंद करतो आणि ते आपण पुन्हा चालू करायचे. जुना मॉड नव्या आवृत्तीशी जुळला नाही तर सिम जेवायला बसून तसाच उठतो, किंवा मेनूतले पर्यायच गायब होतात. मग कोणता मॉड बिघडलाय ते शोधायची सर्वमान्य रीत म्हणजे फोल्डर अर्धं बाहेर काढायचं, खेळ चालवून बघायचा, बिघाड ज्या अर्ध्यात असेल त्याचे परत दोन भाग करायचे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात याला बायनरी सर्च म्हणतात. हजार फायलींमधली एक बिघडलेली फाइल अशी दहा फेऱ्यांत सापडते. कॉम्प्युटर सायन्सशी काही संबंध नसलेली बारावीतली मुलगी हे सराईतपणे करताना मी पाहिली आहे.

ही सगळी खटपट माणसं फुकटात करतात. आणि आपल्याला हवं तसं घर मिळावं म्हणून करतात. घर हा या खेळाचा पहिल्यापासूनचा विषय आहे.

घर आधी, माणसं नंतर

विल राइट या अमेरिकन डिझायनरचं घर १९९१च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. सगळं नव्याने उभं करताना त्याला प्रश्न पडला की नेमकं काय परत आणायचं आणि का. त्यातून या खेळाची कल्पना आली. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडरच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता. सुरुवातीला हा घर बांधण्याचा खेळ होता आणि माणसं त्यात घालायची ती घर कितपत जमलंय हे तपासण्यासाठी. पुढे माणसंच जास्त मजेशीर निघाली. पहिला 'द सिम्स' फेब्रुवारी २०००मध्ये आला.

खेळाडूंनी स्वतःच्या वस्तू घालाव्यात ही सोय कुणी चोरून केलेली नाही, तीही पहिल्यापासूनची. सिमचा पेहराव बदलायची साधनं खेळ दुकानात येण्याआधीच लोकांना दिलेली होती. पुढे डॉन हॉपकिन्सने 'ट्रान्समॉग्रिफायर' नावाचं साधन बनवलं. खेळातली एखादी वस्तू घ्यायची, तिची प्रत काढायची आणि रूप, नाव, किंमत बदलायची. वस्तूचं वागणं मात्र मूळ वस्तूचंच राहायचं. खुर्चीला तुम्ही सिंहासन करा नाहीतर उखळ करा, माणूस तिच्यावर खुर्चीसारखाच बसणार.

आज सिम्स ४साठी 'सिम्स ४ स्टुडिओ' आणि सोबत ब्लेंडर वापरतात. ही साधनं कितीतरी सरस आहेत. पण पहिली पायरी तीच: एक जुनी वस्तू निवडा आणि तिची प्रत काढा.

मी भिवंडीजवळ वाढलो, त्यामुळे मला हे मागाच्या भाषेत कळतं. यंत्रमागावर डॉबी बदलली की किनार बदलते, बुट्टी बदलते, एकाच मागावर दहा तऱ्हेचं कापड निघतं. पण मागाचा पन्हा लोखंडात ठरलेला असतो. त्यापेक्षा रुंद कापड तो माग विणू शकत नाही, कारागीर कितीही हुशार असला तरी. सीसी म्हणजे किनार. पन्हा खेळ बनवणाऱ्यांच्या हातात.

चूल, पाट, उंबरा

आमचं जुनं घर गोदामासाठी पाडलं. ओटा, पडवी, माजघर, मागच्या दारी मोरी, असं ते होतं. फोटो मोजके, तेही लग्नातले, माणसांनी भरलेले आणि भिंती झाकलेले. मी ते घर सिम्समध्ये बांधायला घेतलं. भिंती, कौलं, खिडक्या दोन संध्याकाळींत झाल्या. मग आतलं सामान करायला लागलो आणि एकेक वस्तू अडायला लागली.

चूल करायची तर प्रत गॅस-ओव्हनची काढावी लागते. रूप चुलीचं दिलं, जमिनीलगत ठेवली. सिम तिच्यासमोर ताठ उभा राहून स्वयंपाक करतो आणि भांडं चुलीच्या वर दोन फूट हवेत तरंगतं, कारण भांडं कुठे टेकणार ती जागा मूळ ओव्हनच्या उंचीवर ठरलेली आहे. पाट खुर्चीपासून केला तर सिम पाटाच्या वर अधांतरी बसतो. देव्हारा शोभेच्या पुतळ्यापासून केला. दिसतो सुरेख, पण त्यावर क्लिक केल्यावर जो पर्याय येतो तो 'पाहा' असा. सिम समोर उभा राहतो, कलादालनात उभं राहिल्यासारखा मान हलवतो आणि निघून जातो. दिवा लावणं, हात जोडणं यांच्या हालचाली नव्याने घडवायच्या आणि नियमावलीत जोडायच्या, हे काम रंग बदलण्याच्या कितीतरी पट मोठं आहे.

घर पुरं झाल्यावर आजीला दाखवलं. तिने कौलांचं कौतुक केलं. पाहुणा दारात बेल वाजवून, आत बोलावेपर्यंत उभा आहे हे तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "यो बाहेरच कनाला उभा? घर आपलं नाय वाटत."

या खेळावरची याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. तिला भिंती आपल्या वाटल्या, वागणं परकं वाटलं. सिम्सच्या घरात बाहेरचा माणूस बोलावल्याशिवाय आत येत नाही, हा नियम अमेरिकन उपनगरातला आहे. आमच्याकडे शेजारीण हाक मारतच थेट चुलीपर्यंत येते. एका कुटुंबात जास्तीत जास्त आठ सिम, हाही तिथलाच हिशेब. आमच्या जुन्या घरात रोज रात्री अकरा पानं वाढली जायची. आठाची मर्यादा ओलांडायला वेगळा मॉड लागतो. म्हणजे या खेळाच्या दृष्टीने एकत्र कुटुंब ही नियमाबाहेरची गोष्ट आहे.

साडीच्या चार खुणा

कपड्यांचं सोपं असेल असं वाटतं. या खेळात कापड खरं कापड नसतं. ते सिमच्या हाडांना बांधलेलं असतं आणि हाडांबरोबर ताणलं जातं. सहावारीच्या निऱ्या परकरासारख्या बनवल्या की पाऊल टाकताना रबरासारख्या ओढल्या जातात. नऊवारीचं उलट. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे, त्यामुळे ती विजारीच्या सांगाड्यावर नीट बसते आणि सिम तिच्यात पळूही शकते. पदर मात्र दोन्हींत अवघड.

त्याहून महत्त्वाच्या असतात फाइलमधल्या खुणा. प्रत्येक कपड्याला रोजचा, औपचारिक, समारंभाचा, झोपेचा असे प्रकार लावायचे असतात. मी उतरवलेल्या साड्यांपैकी बहुतेकींवर औपचारिक आणि समारंभ एवढ्याच खुणा होत्या. रोज साडी नेसून बाजारात जाणारी बाई बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. आणखी एक खूण असते: खेळाने रस्त्यावरच्या इतर माणसांना हा कपडा आपणहून घालावा की नाही. ती बंद असेल तर साडी फक्त तुमच्या बाहुलीच्या अंगावर राहते आणि गल्लीत दुसरं कुणीही साडीत दिसत नाही. या दोन खुणा बदलायला मिनिटभर लागतं. साडी रोजची आहे की नटण्याची, हा प्रश्न त्या मिनिटात सुटतो.

कुणाला नियम, कुणाला कपडे

आता अधिकृत बाजू बघा. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या 'स्नोई एस्केप' या विस्तारात जपानवरून घेतलेलं गाव आहे. त्याबरोबर जमिनीवर बसून वापरायची बुटकी मेजं आली आणि घरात शिरताना चपला बाहेर काढायचा नियम आला. आपल्या प्रत्येक घरातला हा नियम खेळात आला तो जपानमार्गे. डिसेंबर २०२३च्या 'फॉर रेंट'मध्ये आग्नेय आशियावरून घेतलेलं तोमारांग आलं आणि सोबत एकाच जागेत राहणारी अनेक भाडेकरू कुटुंबं, घरमालक, सामायिक अंगण, भिंतीला कान लावणं. चाळीच्या अगदी जवळ जाणारी व्यवस्था.

आणि मुंबई? मुंबईवरून ऑक्टोबर २०२१मध्ये 'फॅशन स्ट्रीट किट' आलं. किट म्हणजे विकाऊ पॅकांमधला सगळ्यात लहान प्रकार, आणि या किटमध्ये होते कपडे. कपडे चांगले आहेत, मी वापरतो. पण जपानच्या वाट्याला राहण्याची रीत आली आणि मुंबईच्या वाट्याला पेहराव, हा फरक नोंदवायलाच हवा. फॅशन स्ट्रीटवर कपड्यांइतकीच घासाघीस असते. कपडे किटमध्ये आले, घासाघीस राहून गेली.

यावर आक्षेप येईल की कंपनी आपल्या बाजारासाठी बनवते, बाकीचं लोकांनी करावं. लोकांनी करून काही होत नाही असं नाही. सावळ्या-काळ्या रंगाचे सिम खेळात वर्षानुवर्षं राखाडी, निर्जीव दिसायचे. अमिरा व्हर्जिल या कृष्णवर्णीय खेळाडूने 'मेलॅनिन पॅक' बनवून तो रंग कसा दिसायला हवा हे दाखवलं. तिच्यासारख्या अनेकांनी आवाज लावून धरला आणि डिसेंबर २०२०मध्ये कंपनीने शंभराहून अधिक नव्या त्वचाछटा मोफत दिल्या. मॉड ही समीक्षा आहे असं मी म्हणतो ते यासाठी.

पण त्वचेचा रंग हा अजून किनारीचा भाग. पन्हा वाढवायचा तर स्क्रिप्ट आणि नियमावली यांत हात घालावा लागतो. स्क्रिप्ट फाइल म्हणजे तुमच्या संगणकावर चालणारा खरा प्रोग्रॅम असतो. २०२४च्या सुरुवातीला काही मॉडमधून घातक सॉफ्टवेअर पसरवल्याचे प्रकार घडले, तेव्हा फाइल कुणाकडून घेताय हे बघूनच घ्या. शिवाय असा मॉड एकदा बनवून सुटका नाही. प्रत्येक अपडेटनंतर तो तपासा, दुरुस्त करा, आणि कंपनीच्या २०२२च्या धोरणानुसार शेवटी तो सगळ्यांना फुकट द्या. नोकरी सांभाळून हे किती काळ जमतं, ते कुणाही प्रोग्रॅमरला विचारा.

तरी मराठी मुलामुलींना मी तेच करायला सांगेन. पैठणीचे रंग पुरेसे झाले. त्यातलं दहावं बनवण्याआधी एक वागणूक बनवून बघा. शेजारणीने बेल न वाजवता आत यावं. जेवायला बसल्यावर एकाने दुसऱ्याच्या ताटात वाढावं. पाणी यायच्या वेळी सगळी गल्ली एकदम बाहेर यावी. यातलं पहिलं सर्वांत सोपं आहे. घरात शिरायची परवानगी एका छोट्या नियमात ठरते, आणि तो नियम साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वाचता येतो.