पेणचं घर कुठल्या श्रेणीत बसवायचं?

"अर्बन डिझाइन किंवा वारसा संवर्धनात पुढे जायचंय, प्रस्ताव कसा लिहू?" असं विचारणाऱ्यांचे कच्चे आराखडे वाचले की एक साचा दिसतो. गाव निवडायचं, जुन्या इमारतींची यादी करायची, फोटो काढायचे, श्रेणी द्यायची, शेवटी 'जतन व्हावे' अशी शिफारस. आज या साच्याबद्दलच बोलू.

हा साचा आला मुंबईतून. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली आली आणि इमारतींना श्रेणी १, २अ, २ब, ३ मिळाल्या. तिचं श्रेय मोठं आहे: पुरातत्त्व खात्याच्या यादीबाहेरच्या, लोक राहत असलेल्या इमारतींनाही संरक्षण मिळू लागलं. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीमुळे वारसा जतनाच्या तरतुदी राज्यातल्या छोट्या नगरपरिषदांपर्यंतही पोचल्या. अडचण पुढे आहे. फोर्ट भागातल्या दगडी दर्शनी भागांसाठी जे माप चालतं, ते पेण-रोह्यात लावून बघा.

पेणमधलं गणपतीचा कारखाना असलेलं घर घ्या. पडवीत साचे, आत रंगकाम आणि डोळ्यांची आखणी, अंगणात वाळत ठेवलेल्या कच्च्या मूर्ती. वास्तू म्हणून घर साधंच, म्हणजे श्रेणी मिळणं कठीण. विकास आराखड्यात ते पिवळ्या रंगात 'निवासी' म्हणून येतं. उद्या तिथे अपार्टमेंट झालं तर नकाशावरचा रंग तोच राहील, पण वाळवणीची जागा गेलेली असेल. शिवाय हमरापूर, जोहे ही मूर्तिकामाची गावं नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहेत. धंदा एक, पण नियोजनाची हद्द त्याच्या मधूनच जाते.

रोह्यात वेगळाच पेच आहे. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी गावभर फिरते आणि पोलीस तिला मानवंदना देतात. इथे वारसा देवळात आहे तसाच पालखीच्या वाटेत आहे: दारं, ओटे, थांबण्याच्या जागा. रस्ता रुंद करताना ओटे गेले तर देऊळ शाबूत राहूनही काहीतरी मोडतं. यादीत त्याची नोंद कुठे करणार?

कुणी म्हणेल, श्रेणी ३ मध्ये स्थानिक जीवनपद्धतीचा विचार आहेच की! आहे, व्याख्येत आहे. पण नियमाचा हात इमारतीवरच पडतो: दुरुस्ती, बदल, पाडकाम यांची परवानगी. घरमालकाने कारखाना बंद केला तर नियमावलीला पत्ताही लागत नाही. युनेस्कोने २०११ मध्ये ऐतिहासिक नागरी भूदृश्याबद्दल शिफारस केली, तिचा रोख हाच होता: वास्तूबरोबर वापर, अर्थकारण आणि भूगोलही बघा.

मग प्रस्तावात काय बदलाल? यादीआधी वापराचा नकाशा करा. कोणत्या महिन्यात कोणती जागा कशाला लागते, माती कुठून येते, मूर्ती कुठे रचतात, भाडं कोण देतं, हे जीआयएसवर मांडा. मग त्यावर आराखड्याचे रंग आणि हद्दी ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे तुमचा संशोधन प्रश्न आहे. एक धोका मात्र लक्षात ठेवा: 'जतन' म्हणत कारागिराला जुन्याच घरात अडकवू नका. त्याला स्लॅबचं घर हवं असेल, तर वाळवणीला जागा ठेवून ते कसं बांधता येईल, हा डिझाइनचा प्रश्न आहे आणि चांगला आहे.

विज्ञान शाखेतून येणाऱ्यांनी बिचकू नये. नियोजनाच्या काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना भूगोलवाल्यांनाही प्रवेश मिळतो. संस्थेची पात्रता आधी नीट वाचा. आपल्याला मोजमाप येतं, ही जमेची बाजू. फक्त काय मोजायचं ते मुंबईच्या यादीवरून ठरवू नका, पेणच्या अंगणात उभं राहून ठरवा.