नाव कोणाचे, हात कोणाचे?

ज्या देशात वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातलेले असते, तिथल्या जनआंदोलनाचा इतिहास कशाच्या आधारे लिहायचा? दक्षिण कोरियातील ग्वांगजूच्या उठावावरचे पुस्तक १९९९ च्या इंग्रजी अनुवादातून वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

१७ मे १९८० रोजी तिथे लष्करी कायदा देशभर लागू झाला. १८ ते २७ मे या काळात लष्कराने ग्वांगजूत नागरिकांवर गोळ्या चालवल्या. सत्तेच्या लेखी मात्र मेलेले 'दंगेखोर' होते. खोट्या बातम्यांनी संतापलेल्या जमावाने २० मेच्या रात्री तिथले एमबीसीचे प्रसारण केंद्र पेटवले. मग खरी बातमी दिली कोणी? कामगारांच्या एका रात्रशाळेने. तिच्या नावाचा अर्थ 'वणवा'. तिथे शिकवणारे युन सांग-वॉन आणि त्यांचे साथी यांनी सायक्लोस्टाईलवर लढवय्यांचे वार्तापत्र काढले. २७ मेच्या पहाटे प्रांतिक कचेरीत युन मारले गेले.

१९८५ मध्ये या उठावाची हकीकत पुस्तकरूपाने आली. मुखपृष्ठावर नाव होते प्रसिद्ध कादंबरीकार ह्वांग सोक-योंग यांचे. साक्षी गोळा करून मजकूर उभा केला तो ली जे-उई आणि इतर तरुणांनी. सत्ता तेव्हाही चुन डू-ह्वान यांच्याच हाती होती. मोठे नाव ढाल म्हणून पुढे केले गेले. ह्वांग यांनी ती जोखीम पत्करली, हे मोलाचेच. पण ढालीलाच लेखक समजणे हा लिहिणाऱ्या हातांवर अन्याय आहे. इंग्रजी अनुवादावर ली यांचे नाव आले. २०१७ च्या सुधारित कोरियन आवृत्तीवर जॉन योंग-हो यांच्यासह तिघांची नावे आहेत.

पुस्तकाचे सामर्थ्य दिवसावार नोंदीत आहे. मर्यादाही तिथेच: अनेकांचे आवाज एका निवेदनात मिसळतात, कोण बोलले ते कळत नाही. १९८५ मध्ये ते अपरिहार्य होते. आजच्या अभ्यासकाला ते आवाज पुन्हा वेगळे करावे लागतील.

माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. सरकारी आणि छापील कागद तोच पुरावा, हे मला वर्गात शिकवले गेले. तो निकष मानला तर आमच्या वाडवडिलांना इतिहासच उरत नाही. ग्वांगजूच्या दस्तऐवजांना युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतले ते २०११ मध्ये. तोवर रात्रशाळेचे वार्तापत्र काय खोटे होते? विद्यार्थ्यांनो, असे पत्रक हाती आले की विचारा: कोणी लिहिले, कोणी छापले, आणि कोणाच्या भीतीने नाव लपवले? संशोधन तिथून सुरू होते.