प्रेसखालचा पियानो

इंजिनिअरिंगला असताना रात्री जागून मी ‘हायड्रॉलिक प्रेस चॅनल’ बघायचो. २०१५मध्ये सुरू झालेलं फिनलंडमधलं हे यूट्यूब चॅनल. एक माणूस आपल्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली काहीबाही ठेवतो आणि चिरडतो. कागदाची सातवी घडी घालायला जातो आणि कागद फाडकन फुटतो. कॅमेऱ्यामागे बायको खळखळून हसते. आता काय होईल, हे त्यालाही ठाऊक नसतं. सगळी गंमत त्यातच आहे.

मे २०२४मध्ये आयपॅड प्रोसाठी आलेल्या ॲपलच्या ‘क्रश’ या जाहिरातीत अशा व्हिडिओंचाच थाट आहे. पियानो, ट्रम्पेट, रंगांचे डबे, कॅमेऱ्याच्या लेन्स एका प्रचंड प्रेसखाली चिरडल्या जातात. प्रेस वर जातो, तेव्हा खाली फक्त आयपॅड उरतो.

चित्रण देखणं आहे. तरी मला ती खटकली. वाद्यांचं वाईट वाटलंच. दसऱ्याला लॅपटॉपवरही झेंडूचं फूल वाहणाऱ्यांतला मी. पण त्याहून मोठी गोची म्हणजे इथे शेवट आधीच ठरलेला आहे. आपण कोणाचा तरी कोड उचलतो, तो चालतोही. पण मूळ माणसाने तो कशासाठी लिहिला होता, हे बघायचं राहून जातं. तसंच झालंय. कुतूहल तिकडेच राहिलं, इकडे आलं फक्त चिरडणं.

लोक चिडले. दोनच दिवसांत ॲपलने माफी मागितली आणि जाहिरात टीव्हीवर दाखवायचा बेत रद्द केला.

जाहिरातवाल्यांनी यूट्यूबवरून खुशाल उचलावं. फक्त त्याआधी ते व्हिडिओ शेवटपर्यंत, त्या हसण्यासकट बघावेत.