भरून दिलेल्या कॅसेटी आणि न झालेली नोंद

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर 1921 साली सुरू झालेले एचएमव्हीचे दुकान पुढे मोठी साखळी बनले आणि जानेवारी 2013मध्ये प्रशासकांच्या हाती गेले. मुंबईत काळा घोड्याजवळचे ‘ऱ्हिदम हाऊस’ फेब्रुवारी 2016च्या अखेरीस बंद झाले. दोन्ही वेळा वृत्तपत्रांनी भरभरून लिहिले आणि कारणही एकच सांगितले: आधी चाचेगिरी, मग इंटरनेट. पुसेगावातून (साताऱ्याचे नव्हे, आमचे हिंगोलीचे) पाहताना हे कारण मला अपुरे वाटते.

आमच्याकडचे कॅसेटचे दुकान वाढले तेच मुळी नक्कल करून. तबकडीच्या काळात ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. 1980च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजसारख्या कंपन्यांच्या स्वस्त कॅसेटींनी ती मोडली. भीमगीते, भजने, भारुडे खेड्यातल्या टेपपर्यंत आली. आठवडी बाजारात चिठ्ठीवर दहा-बारा गाणी लिहून दिली, की दुकानदार कोरी कॅसेट भरून देई. पुढे त्याच काउंटरवर मेमरी कार्डे भरली जाऊ लागली. म्हणजे चाचेगिरीने हे दुकान मारले नाही, पोसले. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आले, गाणे थेट हातातल्या फोनवर येऊ लागले आणि भरून देणाऱ्याची गरजच संपली.

‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये विकले जाणारे बहुतेक संगीत कंपन्यांच्या सूचींत नोंदलेले होते. दुकान गेले तरी ते शोधता येते. आमच्या दुकानात मात्र गावच्या भजनी मंडळाची, सप्ताहातल्या कीर्तनाची, जयंतीच्या गायन पार्टीची मुद्रणे असत. त्यांना ना क्रमांक, ना सूची. मूळ प्रत दुकानदाराच्या खोक्यात. मी चौकशीला गेलो, तेव्हा तो म्हणाला, “सर, ते खोकं भंगारात देलं. कोन इचारत व्हतं?”

त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. वडिलांच्या भजनाच्या एकुलत्या कॅसेटवर कॉलेजात असताना मीच सिनेमाची गाणी भरून घेतली होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांचा अभंग अजून ऐकू येतो.

दुकानांच्या ऱ्हासावर पुष्कळ लिहून झाले. आता घरोघरच्या कॅसेटी बुरशी चढण्याआधी उतरवून घ्याव्यात. गायक, गाव, साल लिहून ठेवावे. आमच्या संगीताची पहिली सूची तीच ठरेल.