दोनशे फुटांतले घोडेस्वार

दिवाळीच्या सुट्टीत एका स्नेह्याच्या घरी खिडक्यांना चादरी लावून अमेरिकन घोडेस्वारांचे जुने चित्रपट पाहायचे, हा आमचा नेमच झाला आहे. त्याच्या लोखंडी कपाटात ८ मिलिमीटरची पुष्कळ रिळे आहेत. काही डबे उघडताच आंबूस वास येतो. फिल्म कुजू लागल्याची ती खूण. चकल्यांच्या खमंग वासात तो मिसळतो आणि यंत्राची खटखट सुरू होते.

या संग्रहाला ठेवा म्हणावे की अडगळ, यावर आमचा जुना वाद आहे.

घरी चित्रपट दाखवता यावा म्हणून कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची आणि १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची फिल्म आणली. पुढे कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्यांनी हॉपअलाँग कॅसिडीचे तासाभराचे चित्रपट कापून घरगुती रिळांत बसवले. पन्नास फुटांची ती ‘ठळक आवृत्ती’ आणि दोनशे फुटांची ती ‘पूर्ण आवृत्ती’! ही ‘पूर्ण’ आवृत्ती पाव तासात संपे, तीही बहुधा मुकी. माझ्यासारख्या शाळामास्तराला याचे नवल वाटू नये. ‘संपूर्ण मार्गदर्शक’ मुलांच्या दप्तरांत मी रोजच पाहतो.

या कापाकापीत उरते काय? पाठलाग उरतो, पिस्तूल उरते. जाते ती वाट पाहणे. ‘हाय नून’ हा १९५२ चा चित्रपट आठवा. दुपारच्या गाडीने वैरी येणार, आणि गॅरी कूपरचा मार्शल मदतीसाठी दारोदार फिरतो आहे. पडद्यावरचे घड्याळ जवळजवळ आपल्याच घड्याळाच्या चालीने पुढे सरकते. त्या ८५ मिनिटांची पंधरा केली, तर गोळीबार शाबूत राहील; पण एकेक दार बंद होताना त्या माणसाचे एकाकी होत जाणे कोठे राहील? माझ्या मते अशा चित्रपटांचा प्राण बंदुकीत नसतो, ती उचलण्यापूर्वीच्या शांततेत असतो.

पण स्नेह्याची बाजूही लहान नाही. आयोवातील डॅव्हनपोर्टच्या ब्लॅकहॉक फिल्म्सने कितीतरी मूकपट न कापता, आरंभी थोडी ऐतिहासिक माहिती देऊन विकले. एडविन पोर्टरचा १९०३ चा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ मुळातच बारा मिनिटांचा. तो एका रिळात सहज मावतो. शेवटी दरोडेखोर थेट आपल्यावर पिस्तूल झाडतो, तेव्हा स्नेह्याची नात अजूनही आजीच्या पदराआड लपते.

शिवाय थिएटरांतली जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी; घरगुती फिल्म मात्र सुरक्षित ॲसिटेटची. डेव्हिड पिअर्स यांच्या २०१३ च्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ मधील १०,९१९ अमेरिकन मूक कथापटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण उरले आहेत. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण ते परदेशी आवृत्तीत किंवा लहान मापाच्या फिल्मवर. म्हणजे थिएटरांनी गमावलेले काही कोणाच्या तरी कपाटाने राखले.

मलाही एक अनुभव आहे. माझ्या एका कादंबरीचा मुलांसाठी संक्षेप निघाला. त्यात आई ओसरीवर रात्रभर मुलाची वाट पाहते, ते सबंध प्रकरण गळाले होते. मी चार दिवस धुसफुसत होतो. मग एका मुलीचे पत्र आले: संक्षेप वाचून तिने वाचनालयातून मूळ पुस्तक मागवले होते, आणि तिला सर्वांत आवडले ते ओसरीचेच प्रकरण!

तेव्हापासून माझा राग संक्षेपावर नाही; स्वतःला ‘पूर्ण’ म्हणवणाऱ्या संक्षेपावर आहे. रीळ जपावे, पण त्यात काय नाही हेही जपावे. यंदा स्नेह्याने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: मूळ चित्रपट किती मिनिटांचा, आणि आत किती मिनिटे. आमचा वाद मिटलेला नाही. पण त्या चिठ्ठ्यांवरचे अक्षर माझे आहे.