भोपळ्याचा आवाज

रायपूरच्या बुढापाऱ्यात मराठी, बंगाली आणि छत्तीसगढी बिऱ्हाडं बुढातलावाच्या आसपास पिढ्यानपिढ्या नांदली. 1877 साली कलकत्त्याहून आलेला छोटा नरेंद्र, म्हणजे पुढचे विवेकानंद, इथल्याच डे भवनात राहायचा. अशा वस्तीत 'जगभरच्या परीकथा' शोधायला फार लांब जावं लागू नये.

लेकीकडे निघालेली म्हातारी घ्या. वाटेत वाघ-कोल्हा भेटतात, 'लेकीकडे जाते, जाडजूड होऊन येते' म्हणून ती सुटते आणि भोपळ्यात बसून टुणूक टुणूक परतते. बंगालीत ती कुबडी आहे, नातीकडे जाते आणि दुध्याच्या कवचात बसून येते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी 1910 मध्ये 'टुनटुनीर बोई'त ती छापली. तिथे कोल्हा फसत नाही, म्हातारीची कुत्री धावून येतात. इराणी आजीही घरंगळणाऱ्या भोपळ्यातूनच लेकीकडून परतते.

आता मराठीतला एखादा चकचकीत 'देशोदेशीच्या कथा' संग्रह उघडा. म्हातारी 'भोपळ्यात बसून सुखरूप घरी पोचते.' संपलं! टुणूक गेलं की गोष्टीत उरतं काय? आपले रूपांतरकार कथानक उचलतात, सांगणारीचा आवाज मागे ठेवतात आणि रिकाम्या जागी तात्पर्य भरतात.

हे पूर्वापार असंच होतं असं नाही. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात 1806 मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, तेव्हा बोध हाच हेतू होता. ते समजण्यासारखं आहे. पण 1861 पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी आणल्या, त्या अशा मराठीत की बगदाद शनिवारवाड्यामागेच असावं. त्या काही मुलांसाठी लिहिलेल्या नव्हत्या, तरी पोरांनी चोरून वाचल्या. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या किती पुस्तकांना हे भाग्य लाभलं?

संग्राहकांची कथा निराळी. मेरी फ्रियरने 1868 च्या 'ओल्ड डेक्कन डेज'मध्ये गोष्टी सांगणाऱ्या आयेचं नाव, ॲना लिबराटा डिसूझा, छापलं आणि तिची जीवनकहाणीही दिली. वसाहतीच्या मडमेला जे सुचलं ते आपल्या बालपुस्तकांना क्वचितच सुचतं. मुखपृष्ठावर रूपांतरकार ठळक, आत 'एका म्हातारीकडून ऐकलेली' एवढंच, तेही असलं तर. दुर्गा भागवत मध्य प्रदेशाच्या जंगलात संशोधन करताना विषबाधेने वर्षानुवर्षं आजारी पडल्या. तरीही प्रांतोप्रांतीच्या लोककथा त्यांनी मराठीत आणल्या. व्हेरिअर एल्विनच्या 1944 च्या महाकोशलच्या लोककथा-संग्रहातला खजिना मात्र मराठी मुलांसाठी आजही जवळजवळ कुलूपबंद आहे.

पुन्हा बुढापाऱ्यात येऊ. तिथे सप्रे शाळा आहे. ज्यांच्या नावाची ती शाळा, त्या माधवराव सप्र्यांची घरची भाषा मराठी. 1901 मध्ये 'छत्तीसगढ मित्र'मध्ये त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' आली. हिंदीतली पहिली कथा ती का, यावर पंडित भांडतात. मला त्या कथेत लोककथेची हाडं दिसतात: विधवेच्या झोपडीच्या मातीची एक टोपलीही जमीनदाराला उचलवत नाही. सप्र्यांनी शेवटी विधवेच्या तोंडी बोध घातला नसता तरी चाललं असतं. टोपलीच पुरेशी जड आहे.

छत्तीसगढी गोष्ट संपते ती डाळ-भात शिजला, किस्सा सरला, अशा अर्थाच्या यमकाने. ऐकणारी पोरं भुकेली आहेत, चूल पेटली आहे, हे सगळं त्यात येतं. संपादक पहिली कात्री तिथेच लावतो.

नवा जागतिक संग्रह काढणाऱ्यांनी आधी भोपळ्यातल्या या म्हाताऱ्यांना शेजारी शेजारी बसवावं, प्रत्येकीचा आवाज आणि शेवट जसाच्या तसा ठेवून. कोल्हा कुणाच्या गोष्टीत फसतो आणि कुणाच्या नाही, यावर पोरं भांडतील.